मांडीवरची अमानत

अकोला जिल्ह्यात आजवर जेवढा कापूस पिकला त्यातला निम्मा आमच्या हिच्या मामांच्या दोन अंगठ्यांमधून गेला आहे, आणि उरलेला निम्मा गेला नाही म्हणूनच तो बाजारात मार खातो, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. मामा जिनिंग फॅक्टरीत ग्रेडर होते. गाडीतल्या कापसाचा पुंजका उचलायचा, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून हलकेच ओढायचा, ओढलेले धागे पुन्हा एकावर एक ठेवून ओढायचे, आणि डोळे मिटून त्यांची लांबी सांगायची, हे त्यांचं काम. हे करता करता त्यांना जगातली प्रत्येक वस्तू चिमटीत धरून पाहायची खोड लागली. पाहुण्याच्या सदऱ्याची बाही, एसटीच्या सीटमधून डोकावणारा काथ्या, दुकानातल्या गादीचं पोट, काहीही. एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी नवरदेवाच्या शेरवानीचं टोक चोळून पाहिलं आणि 'पॉलिस्टर' असा निकाल इतक्या मोठ्यानं दिला की भटजी एक ओळ विसरले. मी हिला पाहायला गेलो तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेऊन बराच वेळ दाबून पाहिला होता. मग हिच्या वडिलांना म्हणाले, 'धागा आखूड हाये, पन सच्चा हाये.' हे वाक्य मी पंचवीस वर्षं प्रशस्तिपत्रासारखं जपलं. ते चुकीचं होतं, हे सांगायला आज बसलो आहे.

अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी काढला नाही त्यांना मामांची दुपार समजणार नाही. एक वाजला की गल्लीतलं कुत्रंसुद्धा नालीवरच्या फरशीखाली शिरतं आणि रस्ता भाजलेल्या तव्यासारखा पडून राहतो. मामांच्या समोरच्या खोलीत खिडकीला कूलर, खिडकीबाहेर हिरवी जाळी. त्यामुळे आत एखाद्या तळ्याच्या बुडाशी असावा तसा उजेड. ओल्या वाळ्याचा वास, पाण्याची टपटप, आणि त्या हिरव्या पाण्यात सतरंजीवर पडलेले मामा, डोळे अर्धे मिटलेले. त्याला ते झोप म्हणत नाहीत, 'विचार' म्हणतात. त्यांच्या मते माणसाला जे काही कळायचं ते या अर्धवट अवस्थेतच कळतं. पुरता जागा माणूस नुसती घाई करतो. हरवलेली किल्ली कुठे आहे, कुठल्या भाचीला काय दुखतं आहे, यंदा कपाशीला कोणती अळी पडणार, हे सगळं त्यांना तिथेच समजे. फॅक्टरीत धागा मोजायचं मशीन आलं तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते, 'त्याले झोप येत नाही. त्याले काय समजनार?' मामींचं म्हणणं जरा वेगळं होतं. 'यायले झोपेत सारं समजते. जागेपनी दूध उतू चाललं तं समजत नाही.'

आणि या झोपेतच ते झाड त्यांच्याकडे आलं. पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मामा पातूरहून एसटीनं अकोल्याला येत होते. गाडीला ही गर्दी. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईनं हातातला तेलाचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला, 'दादा, जरासं धरा' म्हणाली, आणि रेट्यात मागे गेली. डब्यात माती, मातीत झाड. मामांनी डब्याला दोन्ही हातांचा वेढा घातला, पान चिमटीत धरून पाहिलं, आणि त्या पानाच्या स्पर्शानं म्हणे त्यांना इतका थंड विचार आला की अकोल्याचा स्टँड येईपर्यंत ते विचारच करत राहिले. डोळे उघडले तर गाडी रिकामी, बाई नाही, आणि मांडीवर झाड. बाई कशी होती, असं मामींनी विचारलं तेव्हा त्यांना चेहरा आठवेना. 'लुगडं चांगलं होतं,' ते म्हणाले. 'सुती. धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं.' 'बाईचं लुगडं हातानं पाह्यलं का तुमी?' 'डबा देताना लागलं जरासं.' मामींनी कपाळाला हात लावला.

त्या दिवसापासून मामांच्या घरी एकच विषय. झाड आपलं नाही, ती अमानत आहे, ती ज्याची त्याला गेली पाहिजे, आणि जाईपर्यंत जगली पाहिजे. पण हे झाड कोणतं? पानं जाड, तळव्याएवढी, वरून गर्द हिरवी आणि खालून जांभळट. खालच्या बाजूला बारीक लव, 'कुत्र्याच्या कानामागं असते तशी.' संध्याकाळ झाली की पानं हळूहळू उभी राहत आणि एकमेकांना टेकत. मामा तेव्हा आवाज बारीक करत. पाहुण्याला पाणी मिळण्याआधी झाडावर मत द्यावं लागे. कोणी म्हणे ब्रह्मकमळ, कोणी म्हणे पानफुटी, तर एक वैद्य मूळव्याधीवर उत्तम म्हणाले. त्यांना मामांनी परत घरात घेतलं नाही. शेजारच्या कॉलेजातल्या पोरीनं फोननं फोटो काढून नाव शोधून दिलं. समोरून काढला तर एक नाव, बाजूनं काढला तर दुसरं, आणि तिसऱ्या फोटोत मामांचा अंगठा आला तर फोननं आल्याचा कंद सांगितला. 'बरोबर सांगतलं त्यानं,' मामी म्हणाल्या.

मामा दर बाजाराच्या दिवशी झाड मांडीवर घेऊन पातूरला जात आणि स्टँडवरच्या बाकावर बसत. 'मामा, झाडाचं हाफ काढू का?' कंडक्टर विचारे. 'मांडीवरच्याले तिकीट नसते बापा,' मामा म्हणत. पण अडचण अशी झाली की झाड उघड्यावर दिसे, आणि फुकटचं झाड म्हटल्यावर पहिल्या महिन्यातच तिघं जण मालक म्हणून उभे राहिले. तिघांनाही झाडाचं नाव सांगता आलं नाही. तिथं मामांना युक्ती सुचली. ज्याचं झाड त्याला त्याचं नाव माहीत असणारच. आपण खरं नाव काढायचं, मनात ठेवायचं, आणि जो ते नाव सांगेल त्याच्या हवाली करायचं.

इथं मी येतो. मी अमरावतीला शेतीखात्याच्या कचेरीत आहे. आस्थापना शाखेत. म्हणजे लोकांच्या रजा, वेतनवाढी, सेवापुस्तकं. अठ्ठावीस वर्षांत मी ऑफिसातल्या मनीप्लांटलासुद्धा पाणी घातलेलं नाही. पण सासुरवाडीत 'शेतीखातं' एवढंच ऐकू जातं. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत कोणी मला तुरीवरच्या अळीचं औषध विचारलं, मी गंभीरपणे 'हं' म्हणालो, आणि तेव्हापासून मी जाणकार. मी कमी बोलणारा माणूस आहे. कमी बोलणाऱ्याला लोक खरं बोलणारा समजतात. हा गैरसमज मी आयुष्यभर छत्रीसारखा वापरला.

मामांनी एक पान ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. त्यांच्या लेखी ते पान तोडणं म्हणजे दुसऱ्याच्या लेकराची बोटं कापण्यासारखं होतं. 'जवाईबुवा, तुमच्या सायबांले दाखवा. अमानतीचं काम हाये.' मी 'हो' म्हणालो. अमरावतीला येऊन ते पान टेबलाच्या खणात ठेवलं. आमच्याच इमारतीत, फक्त दोन जिने चढून, झाडं ओळखणारे दोन अधिकारी बसत होते. मी दोन जिने चढलो नाही. एक पान घेऊन साहेबांसमोर उभं राहायचं मला हसण्यासारखं वाटलं, एवढंच. मग मामांचे फोन सुरू झाले. 'काय म्हनतात सायब?' 'तपासणी चालू आहे.' पुढच्या आठवड्यात, 'काय म्हनतात?' 'वर पाठवलंय.' पुढे, 'रिपोर्ट यायचाय.' सरकारी माणसाला हे शब्द शोधावे लागत नाहीत. ते जिभेवरच बसलेले असतात. शेवटी एका दुपारी, जेवणानंतर, पेंगुळलेला असताना फोन आला. खिडकीतून टेबलावर पिवळं ऊन पडलं होतं. मी म्हणालो, 'आला रिपोर्ट. हेमपर्णी.' मग मामा अगदी हळू म्हणाले, 'हेमपर्नी. वा!' आणि विचारलं, 'निगा कशी ठेवाची म्हनतात?' आता सुरुवात केलीच होती. म्हणालो, 'ऊन अजिबात नको. घराबाहेर काढायचं नाही. पाणी आठवड्यातून एकदा.'

एवढी आज्ञाधारक माणसं मी पाहिलेली नाहीत. झाड कूलरच्या खोलीत आलं. कूलरचं तोंड त्याच्याकडे वळलं आणि मामा स्वतः घामेजून भिंतीकडे सरकले. पाण्याचा वार ठरला. त्या दिवशी मामा अंघोळ करून पेलाभर पाणी घालत, आणि एरवी माती कितीही तडकली तरी थेंब नाही. रिपोर्टात नसलेली एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या अकलेनं केली : पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, शेंडा खुडतात तसा त्याचा शेंडा खुडला, म्हणजे फांद्या फुटाव्यात. तरीही झाड टवटवीत राहिलं, आणि मामांनी अख्ख्या अकोल्याला सांगितलं की आमच्या जवायाच्या सायबांची विद्या पाहा. ते का टवटवीत राहिलं हे मला मामींनी स्वयंपाकघरात सांगितलं. 'ते दुपारचे विचार करतात न, तवा मी तांदळाचं धुवन घालतो रोज. झाडाले तहान लागते हे सांगाले रिपोर्ट कायले लागते हो?' मी खाली मान घालून पोहे खाल्ले. मामी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या.

त्याच मुक्कामात, त्या हिरव्या तळ्यात आम्ही दोघं आडवे पडलेले असताना, मामांनी मला ती गोष्ट सांगितली. मोठ्या खुशीत सांगितली. आता ते पातूरला जात ते झाड घरी ठेवून, कारण ऊन वर्ज्य. बाकावर नुसतेच बसत. तर मागच्या बाजारी एक बाई आली. म्हणाली, 'गाडीत झाड राह्यलं होतं ते तुमच्याजवळ हाये म्हनतात. माह्यं हाये ते. किती बाजार झाले तुमाले अकोल्याच्या स्टँडावर धुंडून राह्यले मी.' मामा म्हणाले, 'नाव सांगा त्याचं.' बाई म्हणाली, 'नाव? मायचं झाड.' 'हे नाव नाही झालं.' 'आमी तेच म्हनतो.' 'त्या दिवशीचं लुगडं दाखवा.' 'लुगडं पाहाले बसले का झाड द्याले बसले तुमी? त्याची गोधडी झाली.' मग बाई म्हणाली, आई वारली, भावानं घर आवरलं, त्या घरातून तेवढं एक झाड तिनं मागून घेतलं होतं. मामा हसत माझ्याकडे वळले. 'लोक काय काय रचतात, जवाई! डोयात पानीबी आनलं हो तिनं. मी सांगतलं, बाई, सरकारी रिपोर्ट हाये माह्याजवळ. हे तुमचं झाड नाही. गेली मंग.'

कूलर टपटपत होता. झाडाची पानं नुकतीच उभी राहायला लागली होती. मला तेव्हा बोलता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो आणि मामा अर्धे झोपेत होते. अशा माणसाला काहीही सांगता येतं. मी चहा प्यालो आणि संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीला परतलो.

अख्खा हिवाळा मी गप्प राहिलो. सेवापुस्तकं लिहिताना ती बाई स्टँडवरून पाठ फिरवून जाताना दिसे. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे रोज वेगळी दिसे. एकदा तर माझ्या आईसारखी दिसली. संक्रांतीनंतर मामांचा फोन आला. आवाज उतरलेला. 'जवाई, ते बाई माह्या विचारात येऊन राह्यली. काही बोलत नाही, उभी राहते. सायबांले पुन्हा एकडाव विचारता का? चुकले तं नसतील?' आणि मी, देवाशपथ, मी म्हणालो, 'नाही मामाजी. साहेब चुकत नाहीत.' फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी रजेचा अर्ज टाकून अकोल्याची गाडी धरली.

मी पोचलो तेव्हा मामा पडलेले होते. मी चपला काढून त्यांच्या उशाशी बसलो. जागे झाले तसं मी एका दमात सांगून टाकलं. साहेबांना विचारलंच नाही. रिपोर्ट नाही. हेमपर्णी नावाचं झाड असतं की नाही हेही मला माहीत नाही. मला झाडांतलं काहीच कळत नाही, कधीच कळत नव्हतं. मामा छताकडे पाहत होते. माझ्या खोटेपणावर ते काय बोलतील याची मी वाट पाहत होतो. त्यांच्या तोंडून निघालं ते एवढंच, 'म्हंजे ते बाई खरी होती.' दारातून मामी म्हणाल्या, 'पानी हप्त्यातून एकदा म्हनलं तवाच मले समजलं होतं का रिपोर्ट नाही म्हनून.' 'मंग बोलली काहून नाही?' 'जवायाले कसं बोलाव? आन् तुमी आयकलं असतं का?' मामा उठले, पंच्यानं डबा पुसला आणि म्हणाले, 'उद्या सकाळची गाडी.'

पातूरला बाईला शोधावं लागलंच नाही. भाजीबाजारात पाय ठेवला तर एक कांदेवाली ओरडली, 'अवं, रिपोर्टवाले आले पाहा!' आमच्यापुढे वाट आपोआप उघडत गेली. बाई हल्लीच स्टँडमागच्या आळीत राहायला आली होती. तिच्या घरचे शेवंती लावत, ती हार गुंफून विकत असे. ओट्यावर फुलांचा ढीग होता आणि तिनं मान वर न करताच विचारलं, 'आता काहून आले? दुसरं नाव निघालं का?' मामा डबा पुढे धरून उभे. 'बाई, चुकी झाली.' मी म्हणालो, 'चूक त्यांची नाही. नाव मी बनवलं होतं. खोटं होतं ते.' तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. 'हे कोन?' 'माह्या भाचीचे मालक,' मामा सवयीनं म्हणाले, 'शेतीखात्यात हायेत.' 'मंग बरोबर हाये,' बाई म्हणाली.

तिनं डबा घेतला, मांडीवर ठेवला आणि सुईदोरा बाजूला सारला. डबा फिरवून झाड सगळीकडून पाहिलं. मग एकदम, 'शेंडा कोनं खुडला याचा?' मामा शाळकरी पोरासारखे म्हणाले, 'मी. पऱ्हाटीचा खुडतो तसा.' 'हे पऱ्हाटी हाये का?' 'नाही जी.' 'आन् त्या दिवशी माह्या गावाले उतरताना मी किती हाका मारल्या तुमाले! बाळंतीन लेकरू घेऊन झोपते तसे झोपले होते तुमी झाडाले घेऊन. गाडी सुटली तवाबी झोपलेलेच.' असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता तिचा अंगठा पानाच्या खालून फिरला, लवेवरून, देठापासून टोकाकडे, अगदी सावकाश, आणि हसणं थांबलं. मामा तिच्या अंगठ्याकडे पाहत होते. इतक्या आदरानं त्यांना कोणाच्या हाताकडे पाहताना मी पाहिलेलं नाही. जरा वेळानं त्यांनी विचारलं, 'बाई, तुमी याले मायचं झाड म्हनता. पन तुमची माय काय म्हने?' तिनं डोळे पुसले, जरा आठवलं. म्हणाली, 'ते म्हने, माह्या मायचं झाड.'

तिनं चहा केला. निघताना एक फांदी तोडून देऊ लागली तर मामांनी दोन्ही हात मागे घेतले. 'अमानतीतला हिस्सा नाही घ्याव बाई.' परतीच्या गाडीत मामा पहिल्यांदाच टक्क जागे होते. मी विचारलं, 'मामाजी, रागावलात का?' खिडकीबाहेर काळी रानं सरकत होती. 'राग नाही,' ते म्हणाले. 'पन तुमी मालूम नाही म्हनले असते, तं मी दुसऱ्याले विचारलं असतं.'

त्यानंतर त्यांनी मला काही विचारणं सोडलं. फोन येत, मुलांची चौकशी करत, हिच्या गुडघ्यांची करत. माझा मान पूर्वीइतकाच ठेवत. फक्त कशाचं नाव विचारत नसत. कोणती अळी, कोणतं बी, कोणतं रोप, काहीही नाही. पंचवीस वर्षं ज्या प्रश्नांना मी वैतागलो ते थांबल्यावर घर एकदम मोठं वाटतं हे मला नव्यानं कळलं. शिक्षा म्हणतात ती बहुतेक हीच, आणि मामांना आपण ती देतो आहोत याचा पत्ताही नव्हता.

यंदा मार्चमध्ये एका दुपारी फोन वाजला. 'जवाई,' आवाज झोपेतून येत होता, 'जाळीवर एक पाखरू येऊन बसलं. पोट पिवळं हाये. कोनतं असन?' माझ्या जिभेवर लगेच एक नाव आलं. येतंच. मी ते गिळलं आणि म्हणालो, 'मला नाही माहीत, मामाजी.'

मग ते हसले, अगदी बारीक. 'मलेबी नाही,' म्हणाले. 'थांबा, बोलून राह्यलं ते.' आणि त्यांनी फोन खिडकीकडे धरला असावा, कारण मग तिकडून ते पाखरू ऐकू येऊ लागलं, आणि आम्ही दोघंही, एक अकोल्यात, एक अमरावतीत, ते उडून जाईपर्यंत गप्प बसून राहिलो.